गाडी हाती आली, आता रस्ता नजरेत येऊ द्या

ड्रायव्हिंग स्कूलच्या वीस-पंचवीस दिवसांत क्लच सोडणं, गिअर बदलणं, गाडी सरळ मागे घेणं बहुतेकांना जमतं. आरटीओची परीक्षाही मुख्यतः तेवढंच पाहते. पण क्लच जमला नाही म्हणून अपघात झाला, असं क्वचितच घडतं. पुढची स्कूटर उजवीकडे वळतेय हे उशिरा दिसतं, उभ्या बसच्या आडून कुणी रस्ता ओलांडतंय हे उशिरा कळतं, आणि कळतं तेव्हा ना वेळ उरलेला असतो ना जागा. म्हणून नव्या चालकाने शिकायच्या खऱ्या गोष्टी दोनच: लवकर पाहणं आणि पुरेशी जागा राखणं. वाहतुकीचे बहुतेक नियम या दोन गोष्टींसाठीच केलेले आहेत.

हे गांभीर्याने घ्यायला कारण आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. अपघातांच्या संख्येत आपला मध्य प्रदेश तामिळनाडूखालोखाल दुसरा होता. मृतांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते आणि सर्वांत मोठं कारण होतं अतिवेग. म्हणजे आपल्या घरातली जी मुलं आज गाडी शिकतायत, त्यांच्या दोन्ही आवडत्या गोष्टी, दुचाकी आणि वेग, या आकडेवारीत वर आहेत.

लायसन्स: घाई कुठे नको

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. इंदूरमध्ये बहुतेकांचा प्रयत्न एकतिसाव्या दिवशी नायता मुंडल्याच्या आरटीओत उभं राहण्याचा असतो. त्यापेक्षा सहा महिन्यांपैकी तीन-चार महिने सरावाला द्या. परीक्षा सोपी जाईल हा त्यातला छोटा फायदा. मोठा फायदा असा की पावसात, अंधारात आणि गर्दीत पहिल्यांदा गाडी चालवाल तेव्हा शेजारी जाणतं माणूस बसलेलं असेल.

हे माणूस कायद्यानेही आवश्यक आहे. त्याच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं पक्कं लायसन्स हवं आणि वेळ आली तर गाडी आवरता येईल अशा जागी त्याने बसायला हवं. मागच्या सीटवर मोबाइल पाहत बसलेला भाऊ यात मोजला जात नाही. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. लाज वाटते म्हणून तो काढून ठेवू नका. ती पाटी पाहून मागचा थोडं अंतर राखतो, आणि पहिल्या महिन्यांत तेच तर हवं असतं.

लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये ठेवलं तरी चालतं. विम्याची तारीख मात्र स्वतः पाहा. वडिलांच्या गाडीचा विमा संपलाय हे अपघातानंतर कळू नये.

किल्ली फिरवण्याआधी दोन मिनिटं

सीट अशी ठेवा की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. पाठ सीटला टेकलेली असताना हात लांब केला, तर मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. याहून जवळ बसलात तर एअरबॅग उघडताना इजा होऊ शकते, लांब बसलात तर ब्रेक पूर्ण दाबता येत नाही. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. पायात सैल चप्पल नको, ती पेडलखाली अडकते. चप्पल काढून ठेवायची तर मागे ठेवा, पायाशी नाही.

आतल्या आरशात मागची काच पूर्ण दिसावी. बाजूच्या आरशात आपल्या गाडीची फक्त कड दिसावी, उरलेला आरसा रस्त्यासाठी. तरीही दोन्ही बाजूंना मागे एक पट्टा कोणत्याच आरशात येत नाही. इंदूरची मोपेड नेमकी तिथेच असते. म्हणून लेन बदलताना आरसा, इंडिकेटर, मान वळवून एक नजर आणि मग स्टीअरिंग, हा क्रम मोडू नका. इंडिकेटर वळताना लावला तर त्याचा उपयोग नाही. वळण्याआधी तीन-चार सेकंद लावा, म्हणजे मागच्याला विचार करायला वेळ मिळेल.

सीटबेल्ट मागे बसणाऱ्यांनीही लावायचा आहे आणि तो कायदा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघातात मृत्यू झाला. ते अत्यंत सुरक्षित मानल्या जाणाऱ्या महागड्या गाडीत होते, पण मागच्या सीटवर बेल्टविना. गाडी थांबते तेव्हा आतलं माणूस आधीच्या वेगानेच पुढे जात असतं. बेल्ट नसेल तर त्याला समोरची सीट थांबवते. आई-आजी “मागे कशाला?” म्हणतील. सगळ्यांचे बेल्ट लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा चालकाचा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. कालांतराने कुणी विचारत नाही.

वेगाचं गणित

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक ते दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात गाडी १४ ते २१ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागलेलाच नसतो. लागल्यावरचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. कोरड्या रस्त्यावर ताशी ३० ला गाडी साधारण ५ मीटरमध्ये थांबत असेल, तर ताशी ६० ला २० मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. मोबाइलवर दोन सेकंद नजर गेली तर ५० च्या वेगात २८ मीटर रस्ता न पाहता पार झाला.

यातून एक साधी सवय लावून घ्या. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात “एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन” म्हणा. म्हणून होण्याआधी तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर अंतर कमी आहे. पावसात हे तीन सेकंद पाच करा.

“अंतर ठेवलं की कुणीतरी रिक्षा मध्ये घुसते,” ही तक्रार खरी आहे. घुसू द्या आणि पुन्हा थोडे मागे राहा. विजय नगरपासून राजवाड्यापर्यंत दहा गाड्या मध्ये घुसल्या तरी तुमचं मिनिटभरच जाईल. त्या मिनिटासाठी बंपर चिकटवून चालणं परवडत नाही.

कोणता रस्ता आधी, कोणता नंतर

नवे चालक घराजवळचा रस्ता सरावाला घेतात, मग तो सोपा असो वा अवघड. त्याऐवजी रस्ते कठीणतेच्या क्रमाने घ्या. आपल्या शहरात सगळ्या इयत्ता आहेत.

पहिली सुपर कॉरिडॉर, रविवारी सकाळी. रस्ता रुंद आहे, दूरवर दिसतं. इथे लेनमध्ये सरळ राहणं, आरसे पाहणं, ठरलेल्या जागी हळुवार थांबणं पक्कं करा. रुंदीमुळे वेग कळत नाही, हा इथला सापळा. काटा अधूनमधून पाहा. मेट्रो स्थानकांजवळ पायी माणसं रस्ता ओलांडतात, तिथे आधीच वेग उतरवा.

दुसरी रिंग रोड. पिपल्याहाना, बंगाली चौराहा, खजराना या पट्ट्यात लेन बदलणं, सिग्नल आणि सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्यावर येणं शिका. मुख्य रस्त्यावर येताना हक्क तिथे आधीपासून असलेल्या वाहनाचा असतो. नाक पुढे घालून त्याला ब्रेक लावायला भाग पाडणं म्हणजे रस्ता मिळवणं नव्हे.

तिसरी जुनं शहर: एमजी रोड, जवाहर मार्ग, सियागंज, राजवाड्याभोवतीचे रस्ते. इथे वेग वीसचा, पण डोळ्यांना उसंत नाही. रांगेत उभ्या गाड्या दिसल्या की त्यांच्या चाकांखालून पलीकडे पाहा. चालणारे पाय दिसतात. उभ्या गाडीपासून एक दार उघडेल इतकी जागा सोडून चाला. आपलं दार उघडताना उजव्या बाजूचं दार डाव्या हाताने उघडा. अंग आपोआप मागे वळतं आणि येणारी मोटारसायकल दिसते. रात्री सराफ्यात खायला जायचं तर गाडी लांब लावा आणि चालत जा. ते अंतर पायीच लवकर संपतं.

चौथी एबी रोड. २०१३ मध्ये सुरू झालेला बीआरटीएस, म्हणजे बससाठीचा राखीव मार्ग, काढण्याला २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि या रस्त्याचं रूप बदलायला लागलं. “इथे जाळी होती, तिथून बस यायची” ही आठवण आता कामाची नाही. कोणत्याही बदलत्या रस्त्यावर सवयीने नव्हे, समोरची रेघ आणि पाटी पाहून चालवा.

पाचवी बायपास. इथे ट्रक असतात आणि ट्रकचालकाला त्याच्या गाडीच्या अगदी पुढचा, मागचा आणि डाव्या बाजूचा बराच भाग दिसत नाही. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. ट्रकला समांतर चालत राहू नका, एक तर मागे राहा नाहीतर पुढे निघून जा. ओव्हरटेक उजवीकडूनच. सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने येणारी वाहनं गृहीत धरा, आणि आपण “थोडंच तर जायचंय” म्हणून तेच करू नका.

शेवटची इयत्ता घाट. ओंकारेश्वरला घरच्यांना घेऊन जायचा मोह पहिल्याच महिन्यात होतो. खंडवा रोडवरचा भेरू घाट तेवढा थांबू द्या. उतरताना ज्या गिअरमध्ये हाच चढ चढला असता त्या गिअरमध्ये राहा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा सतत ब्रेकवर पाय ठेवणं दोन्ही घातक आहे. तापलेला ब्रेक ऐनवेळी धरत नाही. एबी रोडवर धामनोदकडे उतरणारा गणपती घाट अशाच ब्रेक फेल झालेल्या ट्रकांसाठी कुप्रसिद्ध झाला आणि शेवटी त्या उताराला पर्याय म्हणून नवा रस्ता काढावा लागला. अरुंद घाटात वर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हाही नियमच आहे.

चौराह्यावर

स्टॉप लाइनच्या अलीकडे थांबा. झेब्रा पायी चालणाऱ्यांचा आहे, थांबायची जागा नव्हे. सरळ जायचं असेल तर डावीकडची वळणाची वाट अडवून उभे राहू नका. मागे डावीकडे वळणारी रुग्णवाहिका असू शकते. पिवळा दिवा म्हणजे “लवकर निघा” असं नाही. सुरक्षित थांबता येत असेल तर थांबायचंच. हिरवा लागल्यावरही उजवी-डावीकडे एक नजर टाकून निघा. लाल तोडणारा नेमका त्याच क्षणी येतो.

गोल चौकात आत फिरणाऱ्याचा हक्क पहिला. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या. समोरच्याने डिपर दिला तर तो “तुम्ही या” म्हणतोय की “मी येतोय”, हे समजायला मार्ग नसतो. त्याच्या दिव्यावर नव्हे, त्याच्या चाकांवर विश्वास ठेवा: चाकं थांबली तरच पुढे जा. हॉर्नने रस्ता मोकळा होत नाही. हॉर्नवर हात जातोय तिथे आधी पाय ब्रेकवर जायला हवा.

दुचाकीवाल्यांसाठी

इंदूरमध्ये १ ऑगस्ट २०२५ पासून जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने “हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही” लागू झालं. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती अभय मनोहर सप्रे यांनी हेल्मेटच्या सक्तीबद्दल सूचना दिल्या होत्या. पंपापुरतं उसनं हेल्मेट घातलं तर पेट्रोल मिळेल, डोकं वाचणार नाही. आयएसआय खुणेचं, डोक्यावर घट्ट बसणारं घ्या आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोकं आपटण्याआधीच उडून जातं. मागे बसणाऱ्यालाही ते लागतं, आणि चार वर्षांवरील मुलांनाही.

दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबण्याचा सराव रिकाम्या जागेत करा. गाडी थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. पण वळणावर, वाळूवर किंवा ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर तो एकदम दाबला तर गाडी घसरते. ओढणी, साडीचा पदर आणि बॅगेचे पट्टे चाकापासून दूर बांधून ठेवा.

पाऊस, धुकं, रात्र, मिरवणूक

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून निसरडा थर तयार होतो. पहिला तास-दीड तास शक्य असेल तर थांबाच. साचलेल्या पाण्याची खोली पुढच्या गाडीच्या चाकावरून ओळखा, अंदाजाने घुसू नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बायपासवर धुकं असेल तर लो बीम लावा. हाय बीमचा उजेड धुक्यावरून परत डोळ्यांतच येतो. चारही इंडिकेटर चालू ठेवून धावू नका. मागच्याला तुम्ही उभे आहात की वळताय तेच कळत नाही. रात्री समोरून गाडी येत असेल तर लो बीम, मग समोरच्याने हाय ठेवला असला तरी. डोळे दिपले तर रस्त्याच्या डाव्या कडेकडे पाहा आणि वेग कमी करा.

रंगपंचमीची गेर आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या यांच्या दिवशी राजवाडा परिसरातले रस्ते बंद असतात आणि वाहतूक वळवलेली असते. नव्या चालकाने त्या दिवशी गाडी घरीच ठेवावी. मजा चालतच जास्त येते.

आणि दारू. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नव्या चालकाने मर्यादेचं गणित मांडूच नये: घेतली तर चालवायची नाही. १५ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी एअरपोर्ट रोडवर नो एंट्रीत घुसलेला एक ट्रक कालानी नगरपासून बडा गणपतीकडे वाहनं आणि माणसं चिरडत गेला. चालक प्यायलेला होता, असं पोलिसांनी सांगितलं. नियम पाळणाऱ्यांनाही दुसऱ्याच्या प्यालेल्या हातांची किंमत मोजावी लागते, हे इंदूरने पाहिलं आहे.

घरच्यांसाठी

शिकणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या बाबा-काकांनी दोनच कामं करावीत: पुढे काय दिसतंय ते आधी सांगणं आणि बाकी वेळ गप्प बसणं. “अरे ब्रेक, ब्रेक!” ही हाक नेहमी उशिराच येते. “पुढे शाळा सुटलीय, वेग उतरव” हे वाक्य वेळेवर येतं. चूक झाली तर चर्चा गाडी थांबल्यावर करा.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला भंवरकुआंच्या कोचिंगला जायला स्कूटर देणारे आईवडील पुष्कळ आहेत. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीची. घराघरात असलेल्या स्कूटर त्याहून दुप्पट-अडीचपट सीसीच्या आहेत. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. दोन वर्षं सिटी बसने जाणं त्यापेक्षा स्वस्त पडतं.

अपघात झालाच तर

पळू नका. गाडी बंद करा, चारही इंडिकेटर लावा, मागे काही अंतरावर त्रिकोण ठेवा आणि ११२ किंवा १०८ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आहे. जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं चालकावर कायद्याने बंधनकारक आहे. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते.

अपघात दुसऱ्याचा असेल तरी थांबा. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीवर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता होऊ शकतात. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला ‘राहवीर’ योजनेत २५,००० रुपये मिळतात. “पैसे कोण भरणार, पोलिसांचा ससेमिरा कोण घेणार” ही दोन्ही जुनी कारणं आता उरलेली नाहीत.

स्वतःची परीक्षा

आपण सुधारतोय का हे कसं ओळखायचं? प्रत्येक फेरीनंतर एकच आकडा मोजा: करकचून ब्रेक किती वेळा दाबावा लागला. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, “ते मला किती आधी दिसायला हवं होतं?” चूक समोरच्याची असली तरी हाच प्रश्न विचारा, कारण समोरच्याला सुधारणं तुमच्या हातात नाही. तो आकडा रिंग रोडवर शून्यावर आला की जुन्या शहरात जा, तिथे आला की बायपासवर. सलग काही आठवडे बायपासवरही तो शून्य राहिला, म्हणजे घरच्यांना घेऊन ओंकारेश्वरला निघायला हरकत नाही. फक्त घाट उतरताना खालचा गिअर टाका.